चेतनकडे चार दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी रोजचं टाचण लिहायची सवय सुटत नाही. वर्ग नाही, मुलं नाहीत, म्हणून स्वतःचंच लिहिते. आजचा विषय: हाँगकाँग.

सकाळी चेतनचा फोन आला. बोटीवर इंजिनरूममध्ये काम करताना गेल्या महिन्यात त्याचा हात भाजला, तेव्हा त्याला हाँगकाँगच्या दवाखान्यात ठेवून बोट पुढे निघून गेली. आता दवाखान्यातून सोडलंय, खलाशांच्या वसतिगृहात राहतोय. शेवटची तपासणी झाली की घरी यायला परवानगी मिळेल.

"आई, तू ये ना मला न्यायला," तो म्हणाला. "कंपनी घरच्या एका माणसाचं तिकीट देते. चार दिवस फिर, शहर बघ, मग बरोबरच परत येऊ."

"हात भाजलेल्या माणसाला न्यायला माणूस कशाला लागतं?"

तो हसला. "देतायत तर नाही कशाला म्हणायचं? आयुष्यात एकदा तरी वाघोलीच्या बाहेर पड."

हे जाऊ शकत नाहीत. डिसेंबरात बायपास झाली, डॉक्टर विमानाचं नाव काढू देत नाहीत. मुलगी चैताली म्हणते तिला रजा नाही. पासपोर्ट माझ्याकडे आहे. विहारातल्या बायकांबरोबर श्रीलंकेला जायचं ठरलं होतं तेव्हा काढला होता. ती सहल रद्द झाली तेव्हा सगळ्या हळहळल्या, मला मात्र मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी विमानात कधी बसलेली नाही. इंग्रजी वाचता येतं, बोलायला गेलं की शब्द सापडत नाहीत. तिथे हरवले तर? संध्याकाळी स्वयंपाक करताना छातीत इतकं धडधडलं की गॅस बंद करून खाली बसले. हे दारात येऊन उभे राहिले. नेहमीसारखं काहीतरी तिरकस बोलतील म्हणून वाट पाहिली. भात त्यांनीच लावला.

५ फेब्रुवारी, बुधवार

चैताली ऑफिसमधून सरळ इकडे आली. खराडीहून इथे यायला तिला दीड तास लागला म्हणे. लॅपटॉप उघडून हाँगकाँगला जाण्याआधी करायची नोंदणी केली. प्रश्न वाचूनच मला घाम फुटला. तुम्हाला कधी कुठल्या देशाने परत पाठवलंय का? तुम्ही कधी दुसरं नाव वापरलंय का?

"पासपोर्टवर माझं नाव दोन ई घालून लिहिलंय आणि बँकेत एक आय," मी म्हणाले. "हे दुसरं नाव झालं का?"

"आई, चिल. तू काय गँगस्टर आहेस का?"

नोंदणी लगेच मंजूर झाली. मला वाटलं होतं, नाही होणार. खरं म्हणजे नाही व्हावी असंच वाटत होतं. तेवीस तारखेचं विमान ठरलं, मुंबईहून. येताना चेतनला कडेची जागा हवी, खिडकी नको, असं चैतालीने फोनवर कुणाला तरी दोनदा बजावलं. लहानपणी एसटीत खिडकीसाठी बहिणीचे केस ओढणारा हा मुलगा.

८ फेब्रुवारी, शनिवार

सरकता जिना. या एका गोष्टीची मला विमानापेक्षा जास्त भीती आहे. चैताली म्हणते हाँगकाँगमध्ये पावलोपावली तेच आहेत, म्हणून आज मला रामवाडीच्या मेट्रो स्टेशनवर घेऊन गेली. सरावाला.

पहिल्यांदा मी पाय पुढे केला आणि मागे घेतला. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, आपल्याला जायचंय का नुसतं बघायचंय?" मी बाजूला झाले. चैतालीने माझा दंड धरला. "आई, पायाकडे बघू नको. समोर बघ. मी सांगते तेव्हा टाक." तिने सांगितलं, मी टाकला, आणि वर पोचले. वर जाऊन मला इतका आनंद झाला की मी पुन्हा खाली जाऊया म्हणाले. खाली जाताना परत तीच गत. पण जमलं.

लगेच चेतनला फोन लावून सांगितलं. तो खूप हसला. "अजून सांग, अजून सांग," म्हणत राहिला. त्या बाई काय म्हणाल्या, मी कुठली चप्पल घातली होती, सगळं विचारून घेतलं. बोटीवर असताना दोन मिनिटांत फोन ठेवायचा.

फोन झाल्यावर पाहिलं तर चैताली खांबाआड तोंड फिरवून उभी. डोळे लाल. म्हणाली, धुळीची ॲलर्जी आहे. नगर रोडला धूळ आहेच, पण इतकी?

९ फेब्रुवारी, रविवार

हे वेडे झालेत असं माझं मत झालंय. सकाळी विहारातून परत आले तर काचेचा टीपॉय गायब. चैतालीच्या लग्नात आलेला. भंगारवाल्याला देऊन टाकला.

"मला न विचारता?"

"पायात येतो," एवढंच म्हणाले.

"इतकी वर्षं नाही आला तो पायात."

चपलांचं कपाट पॅसेजमधून काढून बाल्कनीत नेलंय. मोरीच्या दाराशी उंबरा होता तो गवंडी बोलावून फोडला, भिंतीला स्टीलचा दांडा बसवला. बायपास होऊन दोन महिने झालेल्या माणसाने घरात फोडाफोड काढायची? मी विचारलं, गुडघे दुखतात का, सांगत का नाही? तर म्हणाले, "हो, गुडघे." आणि आत गेले.

मी जायच्या तयारीत, आणि यांना घर दुरुस्तीचं सुचतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माघ पौर्णिमा. वंदना झाल्यावर विहारात सगळ्यांनी मला घेरलं. शालूताईंचा भाचा कुठेतरी परदेशी विमानतळावर दिवसभर अडकला होता, ते त्यांनी रंगवून सांगितलं. खोलीत बसवून ठेवतात, फोन काढून घेतात. "तुम्ही घाबरू नका हं, हिराताई," असं शेवटी म्हणाल्या. आता काय उपयोग?

चेतनचा फोन चालू असताना मागून बाईचा आवाज आला. हळू, प्रेमाने बोलत होती. "वन मोर स्टेप. गुड. नाऊ लेफ्ट." मी विचारलं, कोण आहे? तो गडबडला. "इथल्या आहेत एक. मिसेस लाम. वसतिगृहात मदत करतात." मग म्हणाला, नंतर करतो.

नाच शिकतोय की काय? यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "शिकू दे. काय शिकायचं ते शिकू दे."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विमानात कुठली साडी नेसू म्हणून दोन साड्यांचा फोटो काढून चेतनला पाठवला. एक मरून, एक मोहरीच्या रंगाची. त्याने फोन करून सांगितलं, "दोन्ही मस्त आहेत. निळी नेस."

निळी त्यात नाहीच. मुलाचं लक्ष कुठे आहे? त्या मिसेस लाममध्येच असणार.

व्हिडिओवर ये म्हटलं की म्हणतो नेट बरोबर नाही. एवढ्या मोठ्या शहरात नेट नाही, आणि आमच्या वाघोलीत आहे. हात भाजलाय म्हणून टाइप करता येत नाही, हे मान्य. तोंड दाखवायला हात कशाला लागतो?

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहू की नको असं झालंय. लिहिते.

दुपारी मी ठरवलं, जायचं नाही. सकाळपासून मनात एकेक विचार येत होते. चेतनने तिथे लग्न केलंय आणि ते सांगायला मला बोलावतोय. किंवा काही भानगड झालीय, पोलिसांची. किंवा हात कापावा लागला आहे. हा विचार आला आणि मी देवघरातल्या, म्हणजे आमच्या बुद्धमूर्तीच्या समोर जाऊन बसले, पण मनातलं वाक्य पुरं होईना. मग उठून यांना सांगितलं, "मी जात नाही. कंपनीच्या एजंटला सांगा, त्याला विमानात बसवून दे. मुंबईला आपण घ्यायला जाऊ. मोठा आहे तो, येईल एकटा."

हे खुर्चीवर बसले होते. उठले. मला वाटलं ओरडतील. लग्नाला तीस वर्षांवर झाली, या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. चहासुद्धा "होणार असेल तर" असा मागतात. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हिरा, जा."

"मला भीती वाटते हो."

"माहीत आहे. तरी जा."

त्यांचा चेहरा मी असा एकदाच पाहिलाय, ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा. मी विचारलं, "त्याचा हात आहे ना?"

"हात आहे," ते म्हणाले. "दोन्ही हात आहेत. शपथेवर सांगतो."

मग मी पुढे विचारलं नाही. का नाही विचारलं ते मला माहीत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही. जाणार आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅग भरली. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या पिठाची पिशवी (चैताली म्हणते विमानतळावर काढून टाकायला लावतील, मी तरी ठेवली), त्याचा स्वेटर. चेतनने आणखी एक विचित्र गोष्ट मागवलीय. त्याचा कॉलेजातला जुना फोन, बटणांचा. चांगला महागाचा फोन असताना ते डबडं कशाला? "बरा पडतो," म्हणाला.

हे आज दिवसभर मला सूचना देतायत. पासपोर्ट ब्लाउजमध्ये नको, पर्समध्ये. पाणी पीत राहा. येताना विमानतळावर चेतनचा हात सोडू नकोस.

"सत्तावीस वर्षांचा आहे तो."

"असू दे. गर्दी असते."

"मीच हरवेन, तो नाही हरवणार."

"दोघं एकमेकांना धरून राहा," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ.

मला आता विमानाची भीती वाटत नाही असं नाही. पण तिच्याखाली दुसरीच एक भीती आहे, आणि तिला नाव नाही. शाळेत एखादं मूल सलग गैरहजर राहिलं की मी त्याच्या घरी जायची. दार वाजवायच्या आधी जे वाटायचं, ते गेले पंधरा दिवस वाटतंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुंबई, विमानतळाच्या आत. खुर्चीवर बसून लिहितेय, वही मांडीवर आहे म्हणून अक्षर असं.

हे आणि चैताली सोडायला आले होते. दाराशी जवान तिकीट बघत होता, त्यांना तिथूनच परत फिरायचं होतं. हे म्हणाले, "हिरा, एक सांगायचं होतं." मी थांबले. चैताली म्हणाली, "पप्पा." फक्त एवढंच. मग हे म्हणाले, "पाणी पी मधून मधून."

आत आल्यावर काचेतून पाहिलं. चैताली त्यांना धरून उभी होती. मला निरोप द्यायला आलेली माणसं अशी उभी राहत नाहीत.

मरून नेसलेय. आमच्या विमानाची घोषणा होतेय बहुतेक.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चेतनला दिसत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल एक ओळ लिहून वही मिटली. आज जमेल तेवढं लिहिते.

विमानतळावर कुणी मला खोलीत बसवलं नाही. एक छापील चिठ्ठी हातात देऊन सोडलं. एजंटचा माणूस नावाची पाटी घेऊन उभा होता. गाडीतून बाहेर बघत होते. डोंगर हिरवेगार, आणि त्यांच्या अंगावर चढल्यासारख्या इमारती, खिडक्याखिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. धुकं, झिमझिम, चांगलाच गारठा. मनात म्हणत होते, आलीस बघ, पोचलीस.

वसतिगृहाच्या खालच्या मजल्यावर बाकावर तो बसला होता. काळा चष्मा. शेजारी माझ्याच वयाची एक बाई, त्या मिसेस लाम. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला, तो उठला, हसला, आणि म्हणाला, "आई." पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या बाजूला जे दार होतं, त्याच्याकडे बघून.

मी त्याच्यासमोर गेले. त्याने हात पुढे केला, तो माझ्या मानेला लागला. मग गालाला. मग म्हणाला, "रडू नकोस ना. मला कळतंय."

टाकी साफ करताना केमिकलचा पाइप सुटला. तोंडावर उडालं. हातावरही, ते खोटं नव्हतं. उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड कळतो, म्हणजे खिडकी कुठे आहे एवढं समजतं. पुढे पुण्यात काही करता येतं का ते बघायचं. डॉक्टरांनी शब्द दिलेला नाही. हे सगळं त्याने मला एखाद्या दुसऱ्याच मुलाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी यांना आणि चैतालीला कळलं होतं. मला सांगायचं नाही, हा त्याचा हट्ट.

"का पण?" मी विचारलं. "मी एवढी कमकुवत आहे?"

"तसं नाही गं." त्याने चष्मा सारखा केला. "सगळे माझ्याशी दवाखान्यात असल्यासारखं बोलतात. पप्पा पण, चैताली पण. तू एकटी रोज फोन करून सांगायचीस, मला जिन्याची भीती वाटते, साडी कुठली नेसू. तेवढा वेळ मला काही झालेलंच नसायचं. ते मला सोडवेना."

त्याच्या भाजलेल्या हातावरची नवी कातडी गुलाबी आहे, लहान बाळासारखी. तिथे हात फिरवत बसले.

संध्याकाळी यांना फोन केला. मी खूप बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "तुम्ही मला सांगितलं नाही."

"नाही."

"सांगितलं असतंत तर मी आले नसते, असं वाटलं तुम्हाला?"

"तू गेलीच असतीस," हे म्हणाले. "पण तुला सगळं माहीत आहे आणि तू त्या दारातून एकटी आत चालली आहेस, हे मला बघवलं नसतं. छाती माझी फाटलेली आहे, हिरा. तुझी नाही."

हा माणूस तिथे एकटा, त्या मोकळ्या केलेल्या घरात. मी म्हणाले, "गोळी घेतली का?" म्हणाले, "घेतो."

फोन ठेवल्यावर मी स्वतःला विचारलं, हिराबाई, तुला खरंच कळलं नव्हतं? टीपॉय, विमानातली कडेची जागा, फोनमधलं ते 'वन मोर स्टेप', सगळं तर समोर होतं. वर्गातल्या पोराचं तोंड वाचून त्याच्या घरी काय चाललंय ते ओळखणारी मी. मला वाटतं, भीतीला मी चुकीच्या गोष्टींमागे पळवत ठेवलं, म्हणजे ती बरोबर जागी जाऊन बसणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल तपासणी झाली. प्रवासाला हरकत नाही म्हणाले. उद्या निघायचं. आजचा दिवस मोकळा होता.

सकाळी मिसेस लाम म्हणाल्या, इथे आलात आणि बंदर बघितलं नाहीत असं कसं. वसतिगृहापासून चालत गेलं की धक्का लागतो, तिथून समोरच्या किनाऱ्याला बोटी जातात. चेतन म्हणाला, "जाऊया." पण त्याचा आवाज बारीक झाला होता. मी म्हणाले, राहू दे, पाऊस आहे. "पाऊस नाही, धुकं आहे," तो म्हणाला. "मला गालावर कळतं."

त्याने माझा दंड धरला. कुणी कुणाला नेत होतं ते सांगता येणार नाही. फुटपाथ आला की मी सांगायचे, उतार आला की तो सांगायचा. लोक वाट करून देत होते, कुणी थांबून बघत नव्हतं.

धक्क्याच्या टोकाला एक फळी टाकलेली होती, तिच्यावरून बोटीत जायचं. पाणी बोटीला उचलत होतं आणि सोडत होतं, त्याबरोबर फळीसुद्धा. फटीतून खाली हिरवंकाळं पाणी. माझे पाय जागच्या जागी खिळले. मागून माणसं येत होती, आम्हाला वळसा घालून आत जात होती. मी म्हणाले, "चेतन, मला नाही जमत. परत जाऊ."

"काय दिसतंय?"

"फळी हलतेय. खाली पाणी आहे."

त्याने हातातली पांढरी काठी काखेत धरली, एक पाऊल पुढे सरकला, बुटाचं टोक फळीच्या कडेला लावलं आणि तसाच उभा राहिला. चेहरा थोडा वर, ऐकत असल्यासारखा. माझ्या दंडावरची त्याची बोटं घट्ट झाली.

"ती वर येते तेव्हा थांबायचं. पुरी वर आली की क्षणभर उभी राहते, तेव्हा टाकायचा पाय. ही येतेय. आली. आता."

आम्ही टाकला. मग पुढचा. लाकडी बाकावर जाऊन बसलो. दोर सुटला, इंजिन घरघरलं आणि पायाखालची जमीन हलू लागली. त्या आवाजाबरोबर चेतन एकदम ताठ झाला. मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"भीती वाटते?" त्याने मला विचारलं.

"खूप," मी म्हणाले.

"मला पण," तो म्हणाला. इतक्या दिवसांत हे तो पहिल्यांदा म्हणाला. मग त्याने चष्मा काढला, कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं आणि रडला. मी त्याला थोपटलं नाही, समजूत घातली नाही. नुसती बसून राहिले. समोरचे डोंगर धुक्यातून जवळ येत होते, एक मोठी मालवाहू बोट हळू बाजूने जात होती, आणि माझं काळीज तसंच धडधडत होतं.

पलीकडच्या किनाऱ्याला उतरलो. त्याने तोंड पुसलं, चष्मा लावला. मी विचारलं, आता? गाडीने परत जाता येतं, मिसेस लामांनी सांगितलं होतं.

"बोटीनेच जाऊ," तो म्हणाला.

आम्ही वळलो आणि पुन्हा त्या फळीपाशी जाऊन उभे राहिलो, ती वर यायची वाट बघत.